एक चिंचोका जास्त

माझं अक्षर वाईट आहे. शुद्धलेखन चौथीत शाळा सुटली तेव्हाच सुटलं. कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ हे मला अजून कळत नाही. वहीसुद्धा शालूची उरलेली आहे, उलट बाजूने उघडली तर तिची भूमिती लागते. ही पानं कुणाच्या हाती लागलीच तर त्याने रागावू नये. मला एका माणसाविषयी लिहायचं आहे. तो शहाणा होता की वेडा हे मला त्या वेळी कळलं नाही, आणि आजही कळत नाही. लिहिता लिहिता कळेल असं वाटलं म्हणून बसले आहे.

कलकत्त्यातले आम्ही सगळे मराठी लोक त्यांना भट्टीवाले म्हणायचो. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा आणि तो जाळून, गाळून त्यातलं सोनं काढायचं, हा त्यांचा धंदा. बहूबाजारात त्यांची एक खोली होती, तिथेच भट्टी आणि तिथेच अंथरूण. मूळचे माणदेशाकडचे. बोटं तेजाबाने पिवळी झालेली. रोज दुपारी चारला ते भट्टी विझवून ट्रामने भवानीपूरला यायचे, कारण तिथे मराठी मंडळाच्या मुलांचा खेळाचा क्लब होता आणि तो त्यांनीच चालवायचा असं कधीतरी ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते मला कधी समजलं नाही.

आम्ही बदलीने आलेले. आमचे हे फोर्ट विल्यममध्ये हिशेबाच्या कचेरीत होते. स्वातंत्र्याला वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण शहरातल्या दंग्यांची भीती अजून घराघरात होती. आयांनी मुलांना खिडकीशीसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं, ती सवय जात नव्हती. शालू तेव्हा सात वर्षांची. ती दिवसभर घरात पाट आडवा टाकून त्याच्यावरून उड्या मारायची आणि खालचे बंगाली घरमालक काठीने छत ठोकायचे.

एक दिवस भट्टीवाले दारात उभे राहिले. हे घरी नव्हते. मी दाराआड.

"वैनी, पोरगी घरात उड्या मारती म्हणं. तिला मैदानावर पाठवा."

मी पदर पुढे ओढला. मला परक्या माणसाशी बोलता येत नसे.

"भ्या वाटतं न्हवं? बरोबर हाय." असं म्हणून त्यांनी सोन्याची पुडी बांधतात तशी एक कागदाची पुडी उंबऱ्यावर ठेवली. "दोन रुपये हायेत. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा ऐवज हाती घेतला की आपलं कायतरी त्याच्याकडं ठेवायचं. पोरगी माझ्याकडं, रुपये तुमच्याकडं. क्लब सोडून जाईल तवा पोरगी धड हाय का बघायची, मग माझे मला परत करायचे."

आणि ते निघून गेले. संध्याकाळी मी यांना सांगितलं तर हे हसत सुटले. "अगं, जगात सगळीकडे फी घेतात. हा माणूस फी देतो?" मग जरा वेळाने म्हणाले, "पण ठेव ते बाजूला. खर्चू नकोस."

मी ते देवाच्या डबीत ठेवले. पुढे एकदा पगार लांबला तेव्हा कोळसा आणायला ते मोडले, आणि मग आणा-आणा करून परत डबीत भरले. पण तेवढे दिवस शालू मैदानावर गेली की ती परत येईपर्यंत मी दारातच उभी राहायची. जामीन खर्चला म्हणजे पोर उघड्यावर पडलं, असं काहीतरी मला वाटे. हे वेडेपण त्यांचं मला लागलं होतं.

मैदान म्हणजे एका पडक्या बागेची मोकळी जागा, पलीकडे तळं. आमच्या मागच्या खिडकीतून ते तळं दिसायचं, हिरवं आणि गप्प. मुलं यायच्या आधी भट्टीवाले अनवाणी मैदान चालायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेत नांगरल्यासारखं, एक ओळ संपली की दुसरी. खिळा, काच, काटा जे असेल ते आधी त्यांच्या पायात गेलं पाहिजे. कुणी म्हणालं, "झाडू मारा की", तर म्हणायचे, "झाडू न्हाई वरडत. पाय वरडतो."

त्यांचे नियम विचित्र होते. दोन बाजूंचे गडी निवडताना सगळ्यांत बोजड, कुणालाच नको असलेलं पोर पहिल्यांदा निवडायचं. त्यामुळे पिल्लू नावाचा एक ढब्बू मुलगा रोज पहिला निवडला जायचा आणि छाती काढून उभा राहायचा. आमची मुलं हुतूतू म्हणत चढाई करायची आणि गल्लीतली बंगाली मुलं हाडुडु म्हणत. त्यावरून एकदा हाणामारी झाली. भट्टीवाले मधे उभे राहून म्हणाले, "दम एक हाय न्हवं? मग तोंडानं काय बी म्हणा." त्यानंतर शालू घरीसुद्धा हाडुडु म्हणत फिरायची.

रडणारं पोर घरी पाठवायचं नाही, हा सगळ्यांत कडक नियम. पडलं, हरलं, कुणी चिडवलं, काही असो. ते हसेपर्यंत घरी जायची बंदी. त्यासाठी भट्टीतली लोखंडी फुंकणी ते बरोबर आणत आणि तिच्यातून रेडकासारखा आवाज काढत. माणूस पन्नाशीचा, डोक्याला मुंडासं, आणि गंभीर तोंडाने रेडकू ओरडतंय. एका मुलीने तासभर हसायचं नाकारलं होतं. तासभर रेडकू ओरडत राहिलं. शेवटी ती म्हणाली, "पुरे आता, माझेच कान दुखायला लागले", आणि हसली.

एकदा मंडळाने कवायत शिकवायला एक मास्तर आणले. त्यांनी पहिल्याच दिवशी पिल्लूच्या पोटरीवर छडी मारली. भट्टीवाले गेले, छडी मागून घेतली आणि खिशातून सोनं तोलायचा तराजू काढला. छडी त्या इवल्या पारड्यात मावेना. तरी ते ती आडवी-उभी ठेवत राहिले. सगळी मुलं बघत होती. "मास्तर, हिचं वजन काय होत न्हाई," ते म्हणाले. "बिनवजनाची वस्तू मैदानावर आणू नका." मास्तर पुन्हा आले नाहीत.

आणि चिंचोके. फाटकापाशी एक पोतं आणि एक पितळी तपेली असायची. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाने पोत्यातला एक चिंचोका तपेलीत टाकायचा, जाताना एक उचलून परत पोत्यात टाकायचा. तपेली रिकामी झाली की मैदान रिकामं. वहीत नावं होती, पण गल्लीतली पोरं वहीत नसत, कधी कुणी आपला पाहुणा घेऊन येई. सियालदहला त्या दिवसांत गाड्या भरभरून लोक उतरत होते, घरदार सोडून आलेले; त्यांचीही एखाद-दोन मुलं कुठून कुठून येऊन खेळून जात. "वहीला डोळे न्हाईत," ते म्हणायचे. "चिंचोक्याला नाव-गाव लागत न्हाई." मी एकदा यांच्यामार्फत विचारलं होतं की गुंजा का नाही, सोनाराकडे तर वजनाला गुंजाच असतात. तर उत्तर आलं, "गुंजा विषारी. पोरं तोंडात घालत्यात."

तपेलीपाशी बसायला त्यांनी मला निवडलं. मी घाबरले. यांना म्हटलं, मला जमायचं नाही, तिथे इतक्या शिकलेल्या बायका आहेत. भट्टीवाल्यांनी निरोप पाठवला, "शिकलेल्या बाया बोलत्यात. बोलणाऱ्याची मोजणी चुकती. वैनी बोलत न्हाईत, म्हणून वैनीच." ही स्तुती होती की काय ते मला समजलं नाही. पण मी रोज जाऊ लागले. पदर घट्ट घेऊन तपेलीपाशी बसायचं, मुलांचे हात बघायचे. मला ते आवडू लागलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग तो दिवस. थंडीचे दिवस होते, अंधार लवकर पडायचा. मुलं गेली. शालू माझ्याजवळ उभी होती, तिने आपला चिंचोका उचलला. मी तपेली उचलली आणि आत एक चिंचोका वाजला.

मी म्हटलं, "माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यांच्याशी मी स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य असेल.

"वैनी, तुमचं डोळं हललं व्हतं का तपेलीवरनं?"

"नाही."

"मग चिंचोका खोटं बोलत न्हाई."

त्यांनी बागेतली झुडपं बघितली, पडकी भिंत बघितली, झाडावर चढले. मग वहीतल्या एकूण एक घरी माणूस पाठवला, काही घरी स्वतः गेले. दार वाजवायचं आणि विचारायचं, "पोर घरात हाय का? दाखवा." सगळी मुलं घरी होती. आया घाबरून गेल्या. त्या दिवसांत संध्याकाळी दारावर थाप पडली की लोक आधी दिवे मालवत. मंडळाचे चिटणीस धावत आले. ते जुन्या घराण्यातले, तीन पिढ्या कलकत्त्यात, नामांकित वकील.

"अहो, यादी पुरी झाली ना? मग आता कोण राहिलं?"

"यादीत नसलेलं."

"त्याच्या घरचे शोधत येतील की."

"ज्याला शोधायला कुणी येणार न्हाई असं बी पोर असतं, साहेब." असं म्हणून ते मुंडासं सोडून तळ्यात उतरले. त्यांना पोहता येत नव्हतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून पायाने तळ चाचपत होते, मैदान चालायचे तसेच, एक ओळ संपली की दुसरी. काठावर कंदील घेतलेले लोक. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पागल होये गेछे", वेडा झाला म्हणून. मी शालूला घेऊन घरी आले.

शालूला जेवण जाईना. कशीबशी अंथरुणावर पडली आणि म्हणाली, "आई, तो जास्तीचा मी टाकला."

"काय?"

"माझ्याबरोबर एकाच मुठीतून तुझा टाकला. तू पण रोज येतेस ना मैदानावर. तुझा कुणीच टाकत नाही." मग रडत म्हणाली, "जाताना तू उचलशील असं मला वाटलं."

मी यांना उठवलं नाही. हे जागेच होते, सगळं ऐकत होते. खिडकीतून तळ्याकाठचे कंदील दिसत होते. मी उठले तर हे म्हणाले, "थांब. आता जाऊन सांगितलंस तर सगळे पोरीला बोल लावतील. सगळ्या गावाला हिने हैराण केलं म्हणतील. उद्या आपोआप शांत होईल." मी खाली बसले. थोड्या वेळाने कंदील गेले.

शांत झालं नाही. रविवारी मंडळाची सभा भरली. चिटणीस म्हणाले, या गृहस्थाने घरोघर भीती पसरवली, मुलांना ताप आले. ते खोटं नव्हतं. चिटणीसांची स्वतःची नात तापली होती. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. भट्टीवाले कोपऱ्यात उभे होते. "माझं एक पोर मोजायचं राहिलंय," एवढंच म्हणाले. काही लोक हसले. मी बायकांत मागे बसले होते. तीन वेळा मी तोंड उघडलं. तिन्ही वेळा पदर तोंडाला लावून मिटलं. सभेने क्लब त्यांच्याकडून काढून घेतला.

त्यानंतर दर रविवारी ते बांबू घेऊन तळ्याकाठी यायचे. पाण्यात बांबू घालायचा, तळ चाचपायचा, पुढे सरकायचं. हे म्हणायचे, "तुझे भट्टीवाले आले बघ." मी मागची खिडकी लावून घेतली. पण बंद खिडकीतूनही बांबू पाण्यात पडल्याचा आवाज येतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांना स्वतःचं मूल होतं का, ते कुठे गेलं, याविषयी लोक तीन तऱ्हांनी बोलत. विचारायचा मला धीर झाला नाही. कोणती गोष्ट खरी धरावी हेच समजेना.

तीन महिन्यांनी यांची जबलपूरला बदली झाली. सामान बांधताना देवाची डबी हातात आली. शालू क्लब सोडून चालली होती, धड होती. रुपये परत करायला हवेत. हे म्हणाले, "माझ्याकडे दे, कचेरीतल्या शिपायाबरोबर पाठवतो." मी म्हटलं, "नको, मीच जाते." हे माझ्याकडे बघतच राहिले. मी कलकत्त्यात एकटी कधी ट्राममध्ये बसले नव्हते.

शालूचा हात धरून बहूबाजारात विचारत विचारत गेले. खोलीत धूर आणि आंबट वास. ते भट्टीपुढे बसले होते, खूप वाळलेले.

"वैनी? पोर कुठाय?" आधी हेच.

शालू माझ्यामागून पुढे आली. त्यांनी तिचे हात पाहिले, पाय पाहिले, डोकं चाचपलं. "धड हाय."

मी दोन रुपये पुढे ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले. "फिटलं."

शालू म्हणाली, "काका, तो चिंचोका..."

"थांब शालू, मी सांगते," मी म्हटलं. आणि मी सांगितलं. शालूने माझ्यासाठी टाकला ते, त्याच रात्री मला कळलं ते, मी खाली बसून राहिले ते, सभेत गप्प बसले ते. एका दमात सगळं.

त्यांनी भट्टीतला एक निखारा चिमट्याने बाजूला केला. मग म्हणाले, "म्हंजे तळ्यात कुणी न्हाई?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, आणि पंचा तोंडावरच धरून ठेवला. "तीन महिने, वैनी," एवढंच आतून आलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी रडायला लागले, त्या परक्या खोलीत, लहान पोरीसारखी, नाक ओढत.

तर त्यांनी फुंकणी उचलली आणि रेडकू ओरडलं.

मी हसले. मला हसायचं नव्हतं. आजही ते आठवलं की लाज वाटते, पण हसले. शालू तर लोळायला लागली. मग त्यांनी त्या दिवसापासून कनवटीला ठेवलेला तो चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या. आता उचलला तुम्ही. मोजणी बरोबर व्हती माझी." आणि ते इतके आनंदले की मला काहीच उमगेना. त्यांचा क्लब गेला होता, लोक त्यांना वेडा म्हणत होते, आणि त्यांना फक्त मोजणी बरोबर निघाल्याचा आनंद होता.

आम्ही निघालो तर त्यांनी हाक मारली. "थांबा, हिशेब चुकला माझा. तुम्ही बी मैदानावर येत व्हता, तर तुमचा जामीन मी कुठं दिला?" त्यांनी तेच दोन रुपये पुन्हा पुडीत बांधले. "तुमची आई?"

"मी लहान असतानाच गेली."

"मग घरी तुमची वाट कोण बघतं?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुडी शालूच्या मुठीत दिली. "तू ठेव. आई धड झाली, खेळली, हसली, की माझे मला धाडून दे. घाई न्हाई."

मी नको नको म्हणत होते. शालूने मूठ सोडली नाही.

जबलपूरला ती पुडी शालूच्या कंपासपेटीत असायची. मी कधी विषय काढला तर म्हणायची, "अजून नाही." काय अजून नाही, ते सांगायची नाही. वर्षं गेली. तिथे सरकारी घरांच्या मधे एक पटांगण होतं. संध्याकाळी मुलं खेळायची आणि मी पायरीवर भाजी निवडत बसायची. सवयीने मुलं मोजायची, शेंगांचे देठ बाजूला ठेवून. मुलं यायच्या आधी ते पटांगण अनवाणी चालून बघायची, शेजारणी हसायच्या. एक दिवस खो-खोला एक गडी कमी पडला. मुलं भांडत होती. एक पोर ओरडलं, "मावशी, तुम्ही बसता का?"

का उठले ते मला सांगता येणार नाही. पदर खोचला आणि मुलांच्या रांगेत उकिडवी बसले. कुणीतरी पाठीत खो दिला आणि मी पळाले. खांबाला वळसा घालताना पडले, गुडघे फुटले, आणि मी तिथेच मातीत बसून हसत राहिले. मुलं भोवती गोळा झाली. शालू कॉलेजातून येत होती, ती पटांगणाच्या कडेला उभी होती.

घरी आल्यावर तिने माझे गुडघे धुतले. हात पाहिले, पाय पाहिले, डोकं चाचपलं. "धड आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन तिने मनिऑर्डर केली.

ते अजून त्याच खोलीत असतील का, असतील तरी का, याची मला धास्ती होती. पंधरा दिवसांनी पोचपावती आली. त्यांची वाकडी सही माझ्या अक्षरापेक्षाही वाईट होती. आणि कडेला, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, पेन्सिलीने लिहिलं होतं: दोन रुपये पावले. तपेली रिकामी. बाकी कुणी नाही.